तोमा काराजिऊ बघायला कुठून सुरुवात करायची: रोमानियन न येणाऱ्यांसाठी

तोमा काराजिऊ हा रोमानियाचा लाडका विनोदी नट. त्याचं नाव कुठेही शोधा, पहिल्या दोन-तीन ओळींतच १९७७ चा भूकंप येतो, आणि मग पुढं काहीही बघितलं तरी मनात तेच चालू राहतं की अरेरे, हा माणूस असा गेला. माझं पहिलं सांगणं हेच की तिथून सुरुवात करू नका. भूकंपाबद्दल वाचायचं ते नंतर वाचा. आधी त्याला हसताना, डोळे मिचकावताना, अर्ध्या वाक्यावर थांबून समोरच्याकडे बघताना बघा. रोमानियात आजही लोक त्याला आठवतात ते त्या हसण्यामुळं आणि त्यातल्या हिमतीमुळं, तर आपणही तेच आधी घेऊ.

बघायला बसण्याआधी थोडी माहिती पाहिजे, पण अगदी थोडी. जन्म २१ ऑगस्ट १९२५, ग्रीसमधल्या ख्रुपिश्ता नावाच्या गावी, आज त्या गावाला आर्गोस ओरेस्तिको म्हणतात. घर आरोमेनियन लोकांचं, म्हणजे बाल्कन प्रदेशात पसरलेला एक समाज, ज्यांची भाषा रोमानियनच्या जवळची आहे. पुढं कुटुंब रोमानियात आलं आणि प्लोयेश्त शहरात स्थिरावलं, बुखारेस्टच्या उत्तरेला साधारण ६० किलोमीटरवर, तेलाच्या रिफायनऱ्यांचं शहर. दोन बहिणी, दोघीही आपापल्या जागी मोठ्या: मातिल्दा भाषाशास्त्रज्ञ झाली, आरोमेनियन भाषेवर तिचं काम आहे आणि ती रोमानियन अकादमीची सदस्य होती, जेता शिल्पकार झाली. आणि हा वकिलीला प्रवेश घेऊन बसलेला, ते सोडून नाटकाच्या शाळेत गेला आणि १९४९ मध्ये तिथून बाहेर पडला.

आता यातली एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, कारण पुढं टीव्हीवरचं त्याचं काम बघताना ती उपयोगी पडते. १९५३ ते १९६५, सलग १२ वर्षं, तो प्लोयेश्तच्या सरकारी नाट्यगृहाचा संचालक होता. त्याआधी काळ्या समुद्राच्या काठी कॉन्स्तान्त्साच्या नाट्यगृहातही काम झालेलं. म्हणजे विशी संपता संपता हा माणूस एक अख्खं थिएटर सांभाळत होता, नट सांभाळत होता, वर स्वतः स्टेजवर उभा राहत होता, आणि तेही राजधानीबाहेर. बुखारेस्टला बुलान्द्रा थिएटरमध्ये तो गेला १९६५ मध्ये, दिग्दर्शक लिव्हिऊ चुलेयनं बोलावलं म्हणून, आणि तेव्हा तो ४० चा होता. टीव्हीवर तो जो इतका निवांत दिसतो, कॅमेऱ्याची काही पर्वाच नाही असा, त्या निवांतपणामागं ही सगळी वर्षं आहेत. मला तर वाटतं त्याला उशिरा प्रसिद्धी मिळाली हे प्रेक्षकांचं नशीब, कारण कॅमेऱ्यासमोर आला तो पूर्ण तयार झालेला नट होता.

शोधायचं कसं ते आता. देवनागरीत किंवा अंदाजानं रोमन स्पेलिंग टाकून शोधलं तर बरंच काही सुटतं, म्हणून रोमानियन विकिपीडियावरून त्याचं नाव जसंच्या तसं कॉपी करा आणि यूट्यूबवर टाका, पुढं 'मोनोलोग' (एकट्यानं केलेलं भाषण) किंवा 'रेव्हेलिऑन' (३१ डिसेंबरच्या रात्रीचा टीव्ही कार्यक्रम) हे शब्द रोमन लिपीत जोडा. एक गोंधळ हमखास होतो. काराजाले नावाचा रोमानियाचा मोठा नाटककार आहे, एकोणिसाव्या शतकातला, त्याची विनोदी नाटकं तिथं सगळ्यांना पाठ असतात, आणि सर्च इंजिन काराजिऊच्या जागी काराजाले दाखवत राहतं. दोघांचं नातं नाही. क्लिप काळी-पांढरी असेल, हे गृहीत धरा, रोमानियात रंगीत टीव्ही १९८३ मध्ये आला आणि काराजिऊचं टीव्हीवरचं सगळं काम त्याच्या आधीचं. चित्र कधी धूसर, आवाज कधी फाटका, एकच क्लिप पाच जणांनी टाकलेली असते, तर त्यातली सगळ्यात जास्त लांबीची निवडा कारण छोट्या क्लिपांमध्ये लोक नेमकी सुरुवात कापतात, आणि या माणसाचा अर्धा विनोद तो बोलायला लागायच्या आधीच घडून गेलेला असतो.

पहिली क्लिप बघताना सबटायटल बंद ठेवा. हो, एक शब्द कळणार नाही तरी. आवाज मात्र चालू. तो आवाज जाड, किंचित घोगरा, मायेचा, आणि मोठ्या देहाच्या माणसाचा. तीन ठिकाणी लक्ष द्या: भुवया, ओठांचा एक कोपरा, आणि तो कुठं थांबतो. वाक्य चाललंय, चाललंय, आणि शेवटच्या शब्दाआधी तो थांबतो, तुमच्याकडं बघतो, तुम्हाला कळलंय असं त्याला कळतं, आणि मग तो भलताच सभ्य शब्द वापरून वाक्य पूर्ण करतो किंवा करतच नाही. हे दोन-तीनदा दिसलं की पुढचं सगळं सोपं जातं, कारण त्याच्या विनोदाची किल्लीच ती आहे.

हा थांबा नुसती शैली नाहीये, आणि इथं जरा वेळ देऊया कारण हे समजल्याशिवाय तो फक्त एक मजेशीर चेहऱ्याचा माणूस वाटेल. त्या काळात रोमानियात निकोलाय चाउशेस्कू या कम्युनिस्ट हुकूमशहाची सत्ता होती. १९६० च्या दशकाच्या शेवटी थोडी मोकळीक होती, नाटकं, सिनेमे, टीव्ही जरा श्वास घेत होते, पण १९७१ मध्ये चाउशेस्कू चीन आणि उत्तर कोरियाचा दौरा करून आला आणि त्या जुलैत त्यानं कला-संस्कृतीवर पक्षाचा लगाम पुन्हा आवळला. टीव्हीवर जे बोलायचं ते आधी कागदावर लिहून द्यायचं, कोणीतरी वाचणार, लाल पेन्सिल मारणार. पण भुवई कागदावर लिहिलेली नसते ना. वाक्य मंजूर झालेलं, शब्द सगळे निरुपद्रवी, आणि स्टुडिओत हा माणूस त्यातल्या एका शब्दाआधी अर्धा सेकंद थांबतो आणि घरोघरी बसलेल्या लोकांना बरोबर कळतं की काय सांगायचंय. ऑफिसातला साहेब, न संपणाऱ्या मिटिंगा, दुकानात न मिळणाऱ्या वस्तू, वरच्याला खूश ठेवायची धडपड, असले रोजचे विषय, पण पाहणाऱ्याला वाटायचं की हा माझ्या बाजूचा आहे. हे प्रेम तिथून आलंय.

मग दुसऱ्यांदा तीच क्लिप सबटायटलसकट बघा. यूट्यूबवर रोमानियन ऑटो कॅप्शन बऱ्याच क्लिपांना मिळतात, ते लावून वर ऑटो ट्रान्सलेट करता येतं, पण तो जलद बोलला की कॅप्शन गडबडतात. त्यासाठी वेग ०.७५ वर आणा, किंवा ट्रान्सक्रिप्ट उघडून तो मजकूर भाषांतराच्या टूलमध्ये वेगळा टाका, त्यानं निम्म्याहून जास्त अर्थ लागतो. शब्दांचे खेळ हातातून जाणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, प्रसंग समजला तरी पुष्कळ.

काही संदर्भ मात्र भाषांतरात येत नाहीत, ते आधीच माहीत असलेले बरे. 'तोवाराश' म्हणजे कॉम्रेड, त्या काळचं सरकारी संबोधन, आणि काराजिऊ हा शब्द कसा म्हणतो ते ऐका, दरवेळी वेगळा. 'शेफ' म्हणजे साहेब, वरिष्ठ. 'मोश जेरिला' हा थंडीचा म्हातारबाबा, कम्युनिस्ट काळात नाताळचा बाबा बाजूला सारून त्याच्या जागी हा आणला गेला होता, धर्म नको म्हणून. आणि सगळ्यात महत्त्वाचं 'रेव्हेलिऑन', म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्रीचा टीव्हीवरचा मोठा कार्यक्रम. नाताळ सरकारी सण उरला नव्हता, त्यामुळं वर्षाच्या शेवटचा सगळा उत्साह त्या एका रात्रीत यायचा, अख्खा देश टीव्हीसमोर, आणि कधी येतोय काराजिऊ याची वाट बघणं चाललेलं. त्याचे बरेच गाजलेले तुकडे अशाच कार्यक्रमांतले आहेत.

या टीव्हीच्या कामात दोन नावं सतत येतील. एक अलेक्सान्द्रू बोकानेत्स, दिग्दर्शक. त्याच्या कार्यक्रमांत मागं फारसं काही नसतं, मोकळा पांढरा स्टुडिओ, एखादी खुर्ची, भौमितिक आकार, आणि त्या रिकाम्या जागेत नट. सत्तरच्या दशकातल्या सरकारी टीव्हीवर हे इतकं आधुनिक कसं दिसतं याचं मला अजून नवल वाटतं. काराजिऊला ही रिकामी जागा मानवते कारण त्याच्या चेहऱ्याशी स्पर्धा करायला काही उरतच नाही. दुसरं नाव आंदा कालुगारेआनू, गायिका आणि विनोदी अभिनेत्री, चणीनं छोटी, चपळ. हा भलामोठा आणि ती एवढीशी, दोघांचं टायमिंग बघण्यासारखं. ओक्ताव्हियान कोतेस्कूबरोबरचं काम मिळालं तर तेही सोडू नका, तोही बुलान्द्राचाच नट.

क्लिपा सात-आठ झाल्या की सिनेमाकडे या, आणि इथं क्रम खरंच महत्त्वाचा आहे.

आधी 'ब्रिगादा दिव्हेर्से', म्हणजे किरकोळ गुन्हे सोडवणाऱ्या पोलिस पथकाचे तीन सिनेमे, दिग्दर्शक मिर्चा द्रागान, १९७० आणि १९७१ चे. काराजिऊ त्यात कॅप्टन पानाइत. हलकेफुलके, पळापळीचे, आणि तेव्हाचे बहुतेक सगळे विनोदी नट एका जागी भेटतात: देम रादुलेस्कू, पुयू कालिनेस्कू, जान कॉन्स्तान्तिन, सेबास्तियान पापायानी. कथेची फार अपेक्षा नको, काही ठिकाणी सिनेमा रेंगाळतो, पोलिसांचं कौतुकही जरा जास्तच आहे, त्या काळात ते असायचंच. पण चेहरे ओळखीचे होतात, आणि पुढं इतर कुठलाही रोमानियन विनोदी सिनेमा लावला की अरे हा तर तोच, असं होतं. तिन्ही बघायची गरज नाही, पहिला बघा, आवडला तर समुद्र आणि डोंगरावर जाणारा तिसरा बघा.

मग 'ओपेरात्सिउनेआ मॉन्स्त्रुल', १९७६, दिग्दर्शक मानोले मार्कुस. डॅन्यूबच्या त्रिभुज प्रदेशात मासेमारीला गेलेली माणसं, मोठा मासा पकडायचाय, आणि माणसांमधली उतरंड हळूहळू उघडी पडत जाते. कोतेस्कू आणि मारिन मोरारू सोबत आहेत. हा विनोद मंद आचेवरचा आहे, पहिली १५ मिनिटं वाटेल की काहीच घडत नाहीये, थांबा.

आणि त्यानंतर, खरं तर ज्यासाठी एवढी तयारी केली तो सिनेमा: 'आक्तोरुल शी सालबातिची', म्हणजे नट आणि रानटी लोक. १९७५ चा, दिग्दर्शक पुन्हा मार्कुस, पटकथा तितुस पोपोविचची. दुसऱ्या महायुद्धाआधीचं बुखारेस्ट, रस्त्यावर लेजनरी नावाच्या फॅसिस्ट संघटनेची दहशत, आणि कोस्तिका कारातासे नावाचा रेव्ह्यू थिएटरचा लोकप्रिय नट, जो त्यांची स्टेजवरून टर उडवतो आणि धमक्यांना भीक घालत नाही. हे पात्र खऱ्या माणसावरून घेतलंय, कॉन्स्तान्तिन तानासे, ज्यानं १९१९ मध्ये बुखारेस्टला काराबुश नावाची कंपनी सुरू केली, लांब नाकाचा, गाण्यांतून राजकारण्यांना टोचणारा. सिनेमा लावायच्या आधी तानासेबद्दल पाच मिनिटं वाचा आणि रेव्ह्यू म्हणजे काय तेही, गाणी, नाच, छोटे प्रवेश आणि मधूनमधून प्रेक्षकांशी थेट बोलणारा नट, असा तो प्रकार.

का सांगतोय इतकं? कारण इथं एक विनोदी नट दुसऱ्या विनोदी नटाची भूमिका करतोय आणि विषय आहे सत्तेसमोर हसवणं. कागदावर सिनेमा फॅसिस्टांच्या विरोधात, त्यामुळं कम्युनिस्ट सरकारला काही अडचण नाही. पण १९७५ मध्ये थिएटरात बसलेल्या माणसाला स्टेजवरून ऐकू येणारा, गप्प बसायला नकार देणारा तो नट फक्त चाळीस वर्षांपूर्वीचा वाटला असेल का? मला नाही वाटत. काराजिऊ यात नाचतो, गातो, रागावतो, घाबरतो, आजारी दिसतो, आणि क्लिपांमध्ये पाहिलेला तो थांबा इथं परत येतो, फक्त यावेळी समोर बसलेल्यांपैकी काहींच्या खिशात पिस्तूल आहे. सलग बघा, फोन बाजूला ठेवून.

याच्या जोडीला 'ग्लोरिया नू कन्ता' बघता येईल, १९७६, बोकानेत्सनं केलेला सिनेमा. आणि 'हायदुची' मालिकेतले पोशाखी साहसपट आहेत, रविवारी दुपारी लावायला छान, पण काराजिऊसाठी मुद्दाम शोधावेत असे नाहीत.

नाटकाचं काय, असा प्रश्न येईल. हा मूळचा रंगभूमीचा माणूस, पण रंगभूमीवरचं काम आपल्यापर्यंत फार कमी पोचतं. त्यातली एक गोष्ट तरी माहीत पाहिजेच. सप्टेंबर १९७२ मध्ये बुलान्द्रात गोगोलचं 'इन्स्पेक्टर जनरल' आलं, दिग्दर्शक लुच्यान पिन्तिलिए, काराजिऊ त्यात नगराध्यक्ष, म्हणजे भ्रष्ट आणि वरून येणाऱ्या तपासणीला घाबरलेला अधिकारी. तीन प्रयोग झाले आणि बंदी आली. रशियन नाटक, शंभराहून जास्त वर्षं जुनं, तरी बंदी, कारण प्रेक्षकांनी ते आजचं म्हणून बघितलं. पिन्तिलिएला त्यानंतर देशात नाटक करणं अशक्य झालं आणि तो परदेशात काम करत राहिला. हे नाटक वाचून घ्या, सहज मिळतं, आणि वाचताना नगराध्यक्षाच्या जागी काराजिऊचा चेहरा आणि आवाज ठेवा. आतापर्यंत तो तुमच्या ओळखीचा झालेला असेल. रोमानियन थोडं थोडं समजायला लागलं की रेडिओ नाटकंही आहेत, तिथं भुवया नाहीत, सगळं आवाजावर.

आता भूकंप. ४ मार्च १९७७, शुक्रवार, रात्री ९ वाजून २२ मिनिटं. केंद्र व्रान्चा डोंगराळ भागात, पण सगळ्यात जास्त मनुष्यहानी बुखारेस्टमध्ये, देशभरातल्या दीड हजाराहून जास्त मृतांपैकी १,४०० वर माणसं एकट्या राजधानीत गेली. दोन युद्धांच्या मधल्या काळात बांधलेल्या उंच इमारती कोसळल्या. काराजिऊ राहायचा ती शहराच्या मध्यभागातली इमारत त्यांपैकीच एक, आणि त्या रात्री त्याच्या घरी बोकानेत्स आलेला होता. दोघंही गेले. काराजिऊ ५१ वर्षांचा होता. त्याच रात्री गायिका दोइना बादिया गेली, लेखक आलेक्सान्द्रू इवासिउक आणि ए. ई. बाकोन्स्की गेले.

हे मुद्दाम इतक्या उशिरा सांगितलं, कारण आता तुम्हाला कळेल की नुकसान नेमकं काय झालं. एका रात्रीत नट गेला आणि त्याला टीव्हीवर सगळ्यात चांगलं समजणारा दिग्दर्शकही गेला, म्हणजे ते कामच तिथं थांबलं. पुढच्या दशकात टीव्ही इतका आक्रसला की साध्या दिवशी दोन तासांचंच प्रक्षेपण उरलं, तेही बरंचसं चाउशेस्कूच्या बातम्यांनी भरलेलं. अशा काळात लोकांनी काराजिऊची आठवण किती घट्ट धरून ठेवली असेल. म्हणून कोणा रोमानियन माणसाशी त्याच्याबद्दल बोलायची वेळ आली तर भूकंपाचा विषय काढायची घाई करू नका, आवडलेला एखादा तुकडा सांगा, बहुतेक वेळा समोरचा पुढची ओळ म्हणून दाखवेल.

रोमानियाला जाणं झालंच तर तीन जागा लिहून ठेवा. बुलान्द्रा थिएटरची दोन नाट्यगृहं आहेत, त्यातल्या ग्रादिना इकोआनेइ बागेजवळच्या सभागृहाला तोमा काराजिऊचं नाव दिलंय आणि इझवोरच्या सभागृहाला लिव्हिऊ चुलेयचं, दोघांची जोडी तशीच ठेवलीये हे मला फार आवडतं. तिकीट काढून आत बसा, भाषा कळली नाही तरी. दुसरी जागा बेलू स्मशानभूमी, मेट्रोचं एरोई रेव्होलुत्सिएइ स्टेशन जवळ आहे, काराजिऊ तिथं आहे, आणि नाटककार काराजालेही तिथंच, आत शिरताना नकाशा बघून घ्या कारण जागा प्रचंड आहे. तिसरी प्लोयेश्त, बुखारेस्टच्या गारा दे नॉर्द स्टेशनवरून ट्रेननं तासाभरात पोचता, आणि ज्या थिएटरचा तो १२ वर्षं संचालक होता त्याचं नाव आज 'तोमा काराजिऊ थिएटर' आहे. जायच्या आधी प्रयोगांचं वेळापत्रक बघा, उन्हाळ्यात थिएटरं बंद असतात.

एवढं झाल्यावर अजून भूक असेल तर मागं जा, पुढं नको. ग्रिगोरे व्हासिलिऊ बिर्लिक, त्याच्या आधीच्या पिढीचा, १९०५ चा जन्म, फाल्तिचेन गावचा. त्याचा १९५७ चा 'दोउआ लोझुरी' लावा, काराजालेच्या कथेवरचा, लॉटरीची दोन तिकिटं हरवलेल्या गरीब कारकुनाची गोष्ट. बिर्लिक बारीक, घाबरट, सतत हलणारा, काराजिऊच्या अगदी उलट चालीचा, आणि लागोपाठ बघितले की दोघंही जास्त कळतात.